गिरणाकांठचे हिंवाळे आणि शेजारधर्म

खानदेश म्हटला कीं परप्रांतांतील मनुष्यास ऊन आठवतें. जळगांव-भुसावळचा वैशाख ज्यानें एकदां भोगला तो पुढें जन्मभर त्याचें वर्णन करीत राहतो, आणि तें वर्णन बहुधा खरेंच असतें. परंतु याच प्रांताचें दुसरेंहि एक अंग आहे, व त्याची वार्ता बाहेर फारशी जात नाहीं. दिवाळी उलटली, पावसाळी ढग पार निघून गेले, म्हणजे तापी व गिरणा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन सूर्यास्तानंतर झपाट्यानें निवूं लागते. आकाश निरभ्र, हवा कोरडी, आणि उत्तरेचा वारा मोकळ्या शिवारावरून अडथळ्यावांचून येणारा. पौष-माघांत धुळें, जळगांव या बाजूस पारा दहा अंशांच्या खालीं उतरतो. एखाद्या वर्षीं पांच-सहांवरहि येतो. हिमालयाच्या पायथ्याच्या लोकांस या थंडीचें हंसूं येईल. पण ज्याच्या अंगावर एक धोतर आणि पाठीखालीं ओली माती, त्याचे दांत वाजावयास एवढी थंडी पुरे होते.

ही थंडी सर्वांच्या वांट्यास सारखी येत नाहीं. भडगांवच्या जुन्या वस्तींतील धाब्याचीं घरें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस ठाऊक आहे कीं, हात-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती आणि वर मातीचेंच सपाट धाबें, अशा घरांत दार लावून निजणाऱ्यास बाहेर काय चाललें आहे याचा पत्ता लागत नाहीं. भिलाटींतील कुडाच्या झोपडीची गोष्ट निराळी. कपाशीच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या उभ्या करून वर शेणमाती लिंपली कीं भिंत झाली. तीमधून वारा विचारल्यावांचून आंत येतो. आणि ज्यांस झोपडीहि नाहीं असे लोक प्रत्येक हिंवाळ्यांत असतातच. शेताचा राखणदार, कापसाच्या ढिगाशेजारीं निजणारा मजूर, कजगांव स्टेशनावर पहांटेच्या गाडीची वाट पाहणारें बिऱ्हाड, आणि गव्हाला रात्रीं दारें धरणारा गडी. या शेवटल्याची दशा विशेष. पाटाच्या पाण्याची पाळी रात्रींची आली तर ती टाळतां येत नाहीं. गुडघाभर थंड पाण्यांत उभें राहून वाफा भरला कीं बारें मोडावयाचें, दुसरें धरावयाचें. पाटाच्या जागीं विजेचा पंप आला तरी या गड्याची सुटका झाली नाहीं, कारण शेतीला वीज पुष्कळदां रात्रींचीच मिळते.

असो. भडगांवच्या इतिहासांत हिंवाळ्याला स्थान कोणतें, हें पाहूं.

भडगांव हें गिरणेच्या ऐन कांठावरचें गांव. नदीनें त्याला पोसलें आणि नदीनेंच त्याला एकदां धुवून नेलें. सन १८७२ च्या सप्टेंबर महिन्यांत गिरणेस महापूर आला. त्याच वेळीं पांझरेनें धुळ्यास मोठा अनर्थ केला. भडगांवांतील शेकडों घरें त्या पुरांत गेलीं. पुराची कथा आपल्याकडे पुष्कळ सांगतात. त्यानंतर दोन महिन्यांनीं जो हिंवाळा आला त्याची कोणी सांगत नाहीं. सरकारी दप्तरांत घरांची मोजदाद सांपडते, नुकसानीचे रुपये सांपडतात. पण कोण कोणाच्या पडवींत निजलें, हें लिहावयाला त्या कागदांत रकानाच नसतो. येथें थोडें अनुमान करणें भाग आहे, व तें करावयास विद्वत्ता लागत नाहीं. ज्यानें मातीचें घर बांधतांना पाहिलें आहे तो जाणतो कीं, भिंतीचा एक थर घातला कीं तो वाळेपर्यंत थांबावें लागतें, मग दुसरा. सप्टेंबराच्या मध्यावर घर गेलें, पुढें जमीन वाफशावर येण्यांत कांहीं आठवडे गेले, त्यांतच रब्बीची पेरणी आली. म्हणजे कितीहि घाई केली तरी त्या वर्षींचा पहिला कडाका पुष्कळ कुटुंबांनीं स्वतःच्या छपराखालीं काढलेला असणें शक्य नाहीं. तीं कुटुंबें कोणाच्या तरी ओसरीवर, गोठ्यांत, खळ्यावर राहिलीं असलीं पाहिजेत. गांव पुनः उभें राहिलें, हाच त्या न लिहिलेल्या उपकारांचा पुरावा.

या पुढची गोष्ट मात्र कागदोपत्रीं सांपडते, आणि ती फार बोधक आहे. विक्रम संवत् १९५६ म्हणजे इ. स. १८९९ सालीं पाऊस गेला आणि पश्चिम हिंदुस्थानांत तो घोर दुष्काळ पडला ज्यास आपले वडीलधारे ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणत. खानदेश त्यांतून सुटला नाहीं. गुरें मेलीं, भांडीं विकलीं, मग लुगडींधोतरेंहि विकलीं. सरकारनें खडी फोडण्याचीं व मातीचीं कामें काढलीं. १८८० च्या दुष्काळ-कमिशनानंतर जे नियम तयार झाले त्यांचा रोख एकच होता, कीं मनुष्य भुकेनें मरूं नये. त्यासाठीं धान्याच्या भावावर मजुरी ठरविली जाई, आणि हा हिशेब बराच बारीक असे.

पण मनुष्य भुकेशिवाय आणखी कशाकशानें कष्टी होतो, याची जाणीव राज्यकर्त्यांनाहि होतीच. म्हणून १८९७ च्या व पुन्हां १९०० च्या दुष्काळांत लोकांच्या वर्गणीचा एक धर्मादाय निधि उभारला गेला, आणि त्याचे चार हेतु ठरवून दिले गेले. पोरक्या मुलांचा सांभाळ करणें हा एक. ज्यांचें सर्वस्व गेलें त्यांस बीं व बैल देऊन पुनः उभें करणें हा दुसरा. जे अब्रूदार गरीब सरकारी कामावर जावयास लाजतात, त्यांस गुपचूप साहाय्य करणें हा तिसरा. आणि हेतूंच्या यादींत अगदीं पहिला लिहिलेला तो असा, कीं सरकारी मदतीनें जीव वांचतो खरा, परंतु म्हातारे, आजारी व लेंकरें यांना अन्नाची किंवा वस्त्राची जी थोडीशी अधिक सोय लागते, ती या निधींतून करावी.

वाचकांनीं या वांटणीकडे क्षणभर लक्ष द्यावें. जीव राखणें हें सरकारचें काम. पांघरूण घालणें हें शेजाऱ्याचें. ही वांटणी योग्य होती कीं नव्हती याविषयीं वाद होऊं शकेल. माझ्या मतें ती पुष्कळशी सोयीची वांटणी होती. ज्याच्या हातीं राज्य आहे त्याला घोंगडी देण्याची अडचण कां पडावी? तरी एक गोष्ट त्या कागदांतून स्पष्ट होते. थंडीचें दुःख लहान समजलें गेलें, आणि लहान समजलें गेल्यामुळें तें कोणाच्याहि हिशेबांत न येतां शेजारपाजारच्या दयेवर राहिलें. मनुष्य उपाशी मेला तर चौकशी होई. पांघरूण नसल्यामुळें छाती भरून मेला तर तो तापानें मेला असेंच लिहिलें जाई.

या दुष्काळाच्या मागोमाग प्लेग होताच. १८९६ सालीं मुंबईस उतरलेली ती सांथ पुढें वीस-पंचवीस वर्षें महाराष्ट्राच्या मानगुटीवर बसली. तिचा नेम असा, कीं पावसाळा संपतां संपतां डोकें वर काढावें आणि उन्हाळा चांगला तापला कीं ओसरावें. म्हणजे ऐन हिंवाळा हाच तिचा हंगाम. घरांत उंदीर पडला कीं गांव सोडून माळावर झोपड्या घालून राहावें, हाच त्या काळीं उपाय होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें कितीतरी पौष-माघ अशा झोपड्यांत काढले. कुलुपें घातलेलें गांव समोर दिसत आहे, पण परत जातां येत नाहीं. डोक्यावर दंव पडत आहे. अशा वस्तींत रात्रभर शेकोटी जागती ठेवणारा म्हातारा हा दवाखान्यांतल्या मनुष्याइतकाच उपयोगी असला पाहिजे. याच सांथींत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या दवाखान्यांत पोंचविलें, त्यांत त्यांना स्वतःला प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. मूल पाठीवर घेणें हें कृत्य तसें केवढें? रोज कोणतीहि आई करते.

आतां शेकोटीचा विषय निघालाच आहे, तर विस्तवाविषयीं दोन शब्द लिहितों, कारण नव्या पिढीस ही रीति ठाऊक नाहीं. आगपेटी स्वस्त होण्यापूर्वीं, आणि त्यानंतरहि काटकसरीच्या घरांतून, सकाळीं चूल पेटविण्यासाठीं शेजाऱ्याकडून विस्तव मागून आणीत. पोर हातांत खापरी घेऊन जाई. शेजारीण राखेखालून दोन निखारे काढून तींत घाली. पोर फुंकर घालीत घरीं पळे. ज्या घरांत विस्तव आहे त्यानें नाहीं म्हणूं नये असा संकेत होता. देणाऱ्याचें कांहीं कमी होत नसे, घेणाऱ्याला ओशाळें वाटत नसे, कारण आज ज्यानें दिला तो उद्यां मागावयास येणारच. परोपकाराचा इतका निर्मळ प्रकार मला दुसरा आठवत नाहीं. हिंवाळ्यांतील भरताचें जेवणहि याच जातीचें. खानदेशांत थंडी पडली, बामणोदकडचीं मोठीं हिरवीं वांगीं बाजारांत आलीं, कीं शेतांत पऱ्हाट्यांचा जाळ करून तीं भाजावयाचीं, आणि कळण्याच्या भाकरीशीं सर्वांनीं मिळून खावयाचीं. त्या जाळाशीं शेतमालक बसे आणि सालदारहि बसे. जाळ एकदां पेटला म्हणजे त्याची ऊब मालकाच्याच अंगाला लागावी अशी व्यवस्था कोणास करतां येत नाहीं.

व्यवस्था येत नव्हती, पण माणसांनीं ती केली होती, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गांवकुसाच्या आंत जो विस्तव एवढ्या मोकळेपणानें फिरे, तो गांवकुसाबाहेर जातांना थबके. पुष्कळ ठिकाणीं खालच्या मानलेल्या वस्तींतील मनुष्यास निखारा हातीं दिला जात नसे. तो दूर ठेवला जाई आणि त्यानें तो उचलून न्यावयाचा. चावडीपुढच्या शेकोटीशीं बसण्याचीहि प्रत्येकाची जागा ठरलेली होती, आणि कांहींची जागा वाऱ्याच्या बाजूस, जाळापासून लांब होती. आपणांपैकीं अनेकांच्या पूर्वजांनीं त्या जागीं बसून हिंवाळे काढले आहेत. तेव्हां जुन्या शेजारधर्माचे गोडवे गातांना आपण थोडे जपून गावे हें बरें. तो धर्म खरा होता, त्यानें माणसें जगविलीं. परंतु त्याची ऊब कोठें संपत होती तेंहि आपल्या घरच्या आठवणींत शिल्लक आहे.

या संदर्भांत संत मार्टिन यांची कथा मला नेहमीं निराळी वाटते. चौथ्या शतकांत रोमन सैन्यांतला हा तरुण शिपाई; गॉल देशांतील आमिएँ नगराच्या वेशींत ऐन हिंवाळ्यांत एक उघडा भिकारी त्याला दिसला. मार्टिननें तरवारीनें आपला झगा चिरला, अर्धा त्याला दिला, अर्धा स्वतः पांघरला. त्या वेळीं त्याचा स्नानसंस्कारहि झालेला नव्हता, तो दीक्षेची तयारी करीत होता, हें आपण पुष्कळदां विसरतों. चित्रांत हा प्रसंग फार भव्य दाखवितात. वास्तविक त्यांतील गंमत त्या अर्ध्यांत आहे. सबंध झगा देऊन टाकला असता तर मार्टिन महात्मा ठरला असता आणि रात्रीं गारठला असता. अर्धा दिल्यामुळें दोघेहि सारखेच अर्धवट झांकलेले, सारखेच विचित्र दिसणारे झाले. भोंवतीं उभे असलेले कांहीं जण त्याला हंसले असें चरित्रकार लिहितो. तो झगा पुढें फ्रँक राजांनीं अवशेष म्हणून जपला. लॅटिन भाषेंत लहान झग्यास ‘कापेल्ला’ म्हणतात. तो जेथें ठेवला त्या देवघरासहि तेंच नांव पडलें, आणि त्यावरून आपला ‘चॅपल’ हा शब्द आला. म्हणजे प्रार्थनामंदिराचें एक नांव फाटक्या पांघरुणावरून पडलेलें आहे. या संताचा सण ११ नोव्हेंबरला येतो, युरोपांत थंडी सुरू होण्याच्या तोंडावर.

पुढें १८३३ सालीं पॅरिसमध्यें फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें मित्रांसह संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या नांवानें जी संस्था काढली, तिच्या आरंभाविषयींहि असेंच सांगतात. पहिल्या दिवशीं त्यानें व त्याच्या एका सोबत्यानें आपल्या खोलींत उरलेलें सरपण उचललें आणि एका गरिबाच्या घरीं स्वतः खांद्यावरून नेऊन टाकलें. गरिबास कचेरींत बोलावूं नये, आपण त्याच्या घरीं जावें, ही त्या संस्थेची रीति तेव्हांपासूनची. १८९७ च्या दुष्काळ-निधीनें ज्या ‘लाजणाऱ्या गरिबां’चा प्रश्न कागदावर मांडला, त्याला ओझानामनें साठ-पासष्ट वर्षें आधीं पायांनीं उत्तर दिलें होतें.

खानदेशालाहि असा एक माणूस लाभला. छप्पन्नच्या त्या दुष्काळी हिंवाळ्यांत, २४ डिसेंबर १८९९ रोजीं, नाताळच्या आदल्या दिवशीं, कोंकणांत पालगड येथें पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. १९२४ सालीं ते भडगांवाहून फार दूर नसलेल्या अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले, आणि तेथल्या छात्रालयाचा भार त्यांच्याकडे आला. पुढें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें उतरून घेतलीं, १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिलें, १९४७ सालीं पंढरपूरचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें. हें सर्व सर्वांस ठाऊक आहे. मला येथें अंमळनेरचीं तीं सहा वर्षेंच महत्त्वाचीं वाटतात. मुलें शाळेंत गेलीं कीं हा शिक्षक त्यांच्या खोल्या झाडी, पसरलेलीं अंथरुणें आवरी, मळके कपडे धुवून वाळत घाली, दिव्यांच्या कांचा पुशी, आणि कोणी आजारी पडला तर त्याच्या उशाशीं बसून राही. उपदेश कांहीं नाहीं. मुलांना प्रथम लाज वाटली, मग तीं स्वतः झाडूं लागलीं. पंढरपूरच्या उपोषणास जें बळ लागलें तें या झाडण्यापुसण्यांत जमलें असावें, असें मला वाटतें. निदान जो दुसऱ्याचें अंथरूण आवरतो त्याला त्याची जात विचारण्याचें सुचत नाहीं.

अलीकडे थंडीच्या दिवसांत ब्लँकेटें वांटण्याची पद्धत पडली आहे. ती वाईट आहे असें मी म्हणणार नाहीं. ब्लँकेट पांघरणाऱ्यास तें कोणी दिलें यापेक्षां तें जाड आहे कीं पातळ याची काळजी अधिक असते. पण एक ब्लँकेट देणारे सहा जण, घेणारी म्हातारी एक, आणि समोर छायाचित्रकार, हें दृश्य पाहिलें म्हणजे विस्तव न्यावयास आलेलें तें खापरीवालें पोर आठवतें. त्याचें छायाचित्र कोणी काढलें असतें तर तें उद्यां दुसऱ्या घरीं गेलें असतें. आपल्या बायकांची गोधडीची रीति यापुढें फार शहाणपणाची वाटते. दोन-तीन जुनीं लुगडीं, मधें फाटक्या धोतरांचे थर, आणि कडेपासून आंत आंत येणारे धांवदोऱ्याचे टांके. चार शेजारणी दुपारीं अंगणांत बसल्या तर थोड्या दिवसांत एक गोधडी पुरी होते. कोणाचें लुगडें कोणत्या थरांत गेलें हें शिवणारीलाहि पुढें सांगतां येत नाहीं.

गोधडी हवी असलेलीं घरें आजहि आपल्या भोंवतीं आहेत, फक्त तीं जुन्या ठिकाणीं शोधून सांपडणार नाहींत. दिवाळीनंतर चाळीसगांव, पाचोरा, भडगांव या भागांतील तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायको, लहान लेंकरें, भांडींकुंडीं असा संसार ट्रकांत किंवा ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलींत भरून ते दूरच्या कारखान्यांकडे जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उसाच्या फडाशेजारीं कोपी घालून राहतात. तोड पहांटे अंधारांत सुरू होते, उसाच्या पाल्यावर तेव्हां दंव असतें. इकडे आपल्या शिवारांत कापूस वेंचण्यासाठीं सातपुड्याकडून पावरा व भिल्ल कुटुंबें येतात तीं शेताच्या बांधावर उतरतात. जाणारे आपले, येणारे परके, असें म्हणावें तर दोघांचीहि रात्र उघड्यावरच जाते. या येणाऱ्यांना निदान पाहतां येतें. रस्त्यावरून जातांना त्यांची शेकोटी दिसते, तेथें एक भारा पऱ्हाट्या टाकावयास कोणाची परवानगी लागत नाहीं.

जे मागें राहतात ते मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहींत. टोळी गेल्यावर तांड्यांत म्हातारीं माणसें उरतात, कधीं त्यांच्याजवळ शाळेंत जाणारें एखादें नातवंड. घरांतलीं धड पांघरुणें लेंकरांसाठीं ट्रॉलींतून गेलेलीं असतात, आणि तीं जावींत असें त्या म्हातारीनेंच सांगितलेलें असतें. ट्रॉल्या हलतात त्या सुमारास संत मार्टिनचा दिवस येतो. नाताळास तेव्हां अजून सहा आठवडे असतात, आणि थंडी त्याआधींच येऊन पोंचलेली असते.